ईश्वरविज्ञानाचे पुस्तक हाती घेताना

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल एक अगदी घरगुती निरोप धाडतो. त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिला आहे, तो येताना आण. पुस्तकेही आण, आणि चर्मपत्रे तर नक्की आण. त्याच अध्यायात थोडे वर त्याने लिहिले आहे की माझा प्रयाणकाळ जवळ आला आहे. दिमिष्काच्या वाटेवर प्रत्यक्ष प्रभू भेटलेला हा माणूस मरण समोर दिसत असताना पुस्तके मागवतो. "पवित्र आत्मा शिकवतो ना, मग पुस्तके कशाला?" असे मला मंडळीत अनेकांनी विचारले आहे. विचारणारे प्रामाणिक असतात. त्यांना मी हा निरोप वाचून दाखवतो.

पण याच्या उलट चूकही होते आणि ती मी स्वतः केली आहे. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अधाशासारखा वाचत होतो. देवाच्या सार्वभौमत्वावरचे एक जाड पुस्तक नुकतेच संपवले होते. त्याच आठवड्यात एका घरी जावे लागले. तिथल्या बाईंचा तरुण मुलगा गेला होता. मी त्यांच्यासमोर बसलो आणि देवाच्या योजनेबद्दल बोलू लागलो. वाक्ये बरोबर होती, वचनांचे संदर्भ अचूक होते. चार-पाच मिनिटांत त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे तोंड केले. घरी येऊन मी ईयोब उघडला. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते. ते बोलू लागले आणि तिथून बिघडले. माझेही तेच झाले होते. पुस्तक पाठ झाले होते, मुरले नव्हते.

तेव्हापासून मी वेग सोडला. वर्षाला ईश्वरविज्ञानाची, म्हणजे देवाविषयी आणि विश्वासाविषयी विचार मांडणारी, तीन-चार पुस्तकेच वाचतो, पण एकेक पुस्तक प्रार्थनेत उतरेपर्यंत आणि एखाद्या दुखावलेल्या माणसाजवळ बसताना उपयोगी पडेपर्यंत सोडत नाही. ते कसे करायचे, हे पाळकांसाठी, रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी आणि कुठलेही पद नसताना देवाला अधिक ओळखू पाहणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे.

आधी प्रश्न, मग पुस्तक

"मला थिऑलॉजी शिकायची आहे" एवढ्या जोरावर हाती घेतलेले पुस्तक बहुधा तिसऱ्या प्रकरणात अडकते. एक नवी वही घ्या आणि पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा. तो तुम्हाला किंवा तुमच्यासमोरच्या माणसाला खरोखर पडलेला हवा. "इतकी प्रार्थना करूनही तो बरा का झाला नाही?" "क्षमा मिळाली आहे, तर तीच सवय मला पुन्हा का धरते?" "येशू देव आहे, तर तो प्रार्थना कुणाला करत होता?" हा शेवटचा प्रश्न लहान मुले हमखास विचारतात आणि मोठी माणसे तो टाळतात.

प्रश्न लिहिला की विषय आपोआप ठरतो. पहिला प्रश्न देवाच्या कारभाराकडे आणि दुःखाकडे नेतो, दुसरा पवित्रीकरणाकडे, म्हणजे विश्वासणाऱ्याच्या पवित्र होत जाण्याकडे, तिसरा त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) आणि देहधारण (देवाच्या पुत्राने मनुष्य होणे) यांच्याकडे.

पुस्तक मात्र अजून उघडायचे नाही. आधी दोन आठवडे त्या प्रश्नाला धरून पवित्र शास्त्र वाचा, तेही सलग. पवित्रीकरणाचा प्रश्न असेल तर रोमकरांस पत्राचे ६ ते ८ अध्याय रोज एका बैठकीत, शक्य तर मोठ्याने. दहाव्या दिवशी काही शब्द स्वतःहून पुढे येतात, काही वाक्ये खटकतात. ती वहीत नोंदवा. आता लेखक काही सांगेल तेव्हा तुमच्यापाशी ताडून पाहायला काहीतरी असेल. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचे बोलणेही रोज शास्त्रात शोधून पाहिले आणि त्याबद्दल लूकने त्यांना थोर मनाचे म्हटले. ही तयारी नसलेला वाचक प्रत्येक लेखकाला मान डोलावतो, आणि मग शेवटी वाचलेल्या पुस्तकाचेच मत त्याचे मत होऊन बसते.

पहिले पुस्तक लहान असावे

मोठ्या ग्रंथांचा मोह आवरा. सुरुवात प्रेषितांच्या विश्वासांगीकारापासून, म्हणजे आपण काय मानतो ते थोडक्यात सांगणाऱ्या जुन्या मजकुरापासून, करा. तो आपण उपासनेत म्हणतो, म्हणून वाचत नाही. एकेक वाक्य एकेका दिवसासाठी घ्या. त्यानंतर निकेयाचा विश्वासांगीकार. इ. स. ३२५ मध्ये निकेयाच्या परिषदेत पुत्राबद्दल "पित्याशी एकाच तत्त्वाचा" असे शब्द ठरले आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला या विश्वासांगीकाराला आजचे रूप आले. पुत्र हा निर्माण केलेला आहे, असा एक काळ होता की तो नव्हता, असे आलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मसेवक शिकवत होता. त्याच्यासमोर हे शब्द उभे केले गेले. हे ठाऊक असले की रविवारी तीच ओळ म्हणताना आवाज बदलतो.

पुढची पायरी प्रश्नोत्तरीची, म्हणजे प्रश्न आणि उत्तरे अशा रूपात विश्वास शिकवणाऱ्या पुस्तिकेची. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने गावोगावच्या मंडळ्या पाहिल्या, लोकांना आणि कित्येक पाळकांनाही मूलभूत गोष्टी येत नाहीत हे पाहून तो हळहळला, आणि १५२९ मध्ये त्याने घरातल्या माणसांना शिकवता येईल अशी लहान प्रश्नोत्तरी लिहिली. १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी १२९ प्रश्नांची आहे आणि वर्षाच्या ५२ रविवारांत विभागलेली आहे. तिचा पहिलाच प्रश्न असा की जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता. उत्तर सुरू होते ते "मी माझा स्वतःचा नाही" इथून. मी देहाने आणि जिवाने माझ्या विश्वासू तारणाऱ्याचा आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून मी हे उत्तर किती वेळा म्हटले असेल, त्याची मोजदाद नाही. वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी १०७ प्रश्नांची आहे, ती घेतलीत तरी चालेल. तुम्ही कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स परंपरेतले असाल तर तुमच्या मंडळीची प्रश्नोत्तरी घ्या. आपल्या घराचा पाया आधी पाहावा.

मग एखादे जुने, आटोपशीर पुस्तक. माझी शिफारस अथनेशियसच्या देहधारणावरच्या छोट्या ग्रंथाची. हा आलेक्झांड्रियाचा बिशप, आपल्या विश्वासापायी पाच वेळा हद्दपार झालेला. देव मनुष्य का झाला, हे तो इतक्या सरळपणे सांगतो की नवख्या वाचकालाही धरून ठेवता येते. दोन नव्या पुस्तकांच्या मध्ये एक जुने असावे, हा नियम मी पाळतो. आपल्या काळाचे आंधळे ठिपके आपल्याच काळाचा लेखक दाखवू शकत नाही.

नवे पुस्तक घेण्यापूर्वी दहा मिनिटे ते असे तपासा. अनुक्रमणिका वाचा, प्रस्तावना वाचा, लेखक कोणत्या परंपरेतून लिहितो ते पाहा. मग तुम्हाला नीट माहीत असलेल्या एखाद्या शास्त्रभागावर त्याने काय लिहिले आहे ते शोधा. तिथे तो वचनाला वाकवत असेल, किंवा विरुद्ध मत मांडणाऱ्यांची नुसती टर उडवत असेल, तर पुस्तक खाली ठेवा.

पानावर कसे बसावे

रोज अर्धा तास, एकाच वेळी, फोन दुसऱ्या खोलीत. दहा पाने पुष्कळ झाली. कठीण ग्रंथात चार.

प्रकरण दोनदा वाचायचे. पहिल्यांदा न थांबता, फक्त प्रवाह कळावा म्हणून. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. माझ्या खुणा चारच आहेत. लेखकाचा मुख्य दावा दिसला की समासात उभी रेघ. त्याने आधाराला घेतलेले वचन असले की त्याभोवती गोल. न समजलेल्या जागी प्रश्नचिन्ह. आणि जिथे वाचता वाचता थांबून देवाशी बोलावेसे वाटले तिथे एक छोटा क्रूस. सगळ्या पानावर रंगीत पट्टे ओढणाऱ्यांना मी विनवतो, तसे करू नका. सगळेच महत्त्वाचे ठरवले की नजर कुठेच थांबत नाही.

गोल केलेली वचने त्याच दिवशी बायबलमध्ये काढून पाहा, आणि नुसती ओळ न वाचता मागचा-पुढचा परिच्छेद वाचा. यात वेळ जातो. हा वेळ वाचवू नका. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला तो थोर भाग घ्या, ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले हे सांगणारा. ख्रिस्ताच्या देवपणावरच्या प्रत्येक पुस्तकात त्याचा दाखला येतो. संदर्भ पाहिला की कळते, पौल तिथे व्याख्यान देत नाही. तो मंडळीतल्या माणसांना एकमेकांना मान द्यायला सांगतो आहे, आणि त्यासाठी ख्रिस्ताचे हे चित्र उभे करतो. सिद्धांत आणि वागणूक त्याच्या लेखी एकाच श्वासातल्या गोष्टी आहेत.

प्रत्येक प्रकरणाला एक प्रश्न जरूर विचारा, हा लेखक कुणाला उत्तर देतो आहे? ईश्वरविज्ञानातली कोरडी वाटणारी कितीतरी वाक्ये कुणाच्या तरी चुकीपुढे, कुणाच्या तरी तारणाच्या काळजीने लिहिलेली असतात.

एक वाक्य जवळून

एक उदाहरण सावकाश पाहू. सुमारे ३८२ साली नाझियान्झसच्या ग्रेगरीने क्लेडोनियस नावाच्या एका धर्मसेवकाला पत्र लिहिले. त्यात एक वाक्य आहे: जे धारण केले गेले नाही, ते बरे झाले नाही.

पहिल्या वाचनात हे कोडे वाटते. समासात प्रश्नचिन्ह पडते.

आता विचारा, कुणाला उत्तर? अपोलिनारिस नावाचा बिशप होता, निकेयाचा खंदा समर्थक. ख्रिस्ताच्या देवपणाचा मान राखण्याच्या ओघात तो म्हणू लागला की येशूला मानवी देह होता, पण मानवी मन नव्हते. मनाची जागा दैवी शब्दाने, म्हणजे देवाच्या पुत्राने, घेतली होती. ऐकायला हे भक्तिभावाचेच वाटते. आजही मंडळीत कितीतरी जण नकळत असेच मानतात की येशू बाहेरून माणूस आणि आतून फक्त देव.

ग्रेगरी म्हणतो, तसे असेल तर आपले मन तारणाबाहेर राहिले. आदामात नुसता देह पडला नव्हता, मनही पडले होते, किंबहुना आधी मनच. ख्रिस्ताने मन धारण केलेच नसेल तर त्याने बरे काय केले?

मग वचने. लूक २:५२ मध्ये येशू ज्ञानाने वाढत गेला. मार्क १४:३४ मध्ये तो शिष्यांना सांगतो की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. इब्री २:१७ म्हणते की त्याला सर्व प्रकारे आपल्या भावांसारखे होणे अगत्याचे होते. "सर्व प्रकारे" या दोन शब्दांवर मी एक अख्खी सकाळ बसून होतो.

आणि आता हे वाक्य घेऊन अशा माणसाकडे चला, जो महिनोन्‌महिने नैराश्यात आहे आणि ज्याला कुणीतरी सांगितले आहे की तुझा विश्वास कमी पडतो. त्याला ग्रेगरीचे नाव सांगायची गरज नाही. त्याच्याजवळ बसून एवढेच सांगता येते की तुझ्या देहासारखा देह प्रभूने घेतला, तसे तुझ्या मनासारखे मनही घेतले. गेथशेमानेत ते मन खिन्न झाले होते. तुझ्या आतली अशी एकही खोली नाही जिथे तो आलेला नाही. उपचार चालू असतील तर ते चालूच ठेवायला सांगा. मन धारण करून ते बरे करणाऱ्या प्रभूची उपासना करणाऱ्यांनी मनाच्या आजाराची लाज बाळगू नये.

एका वाक्यापाशी एवढे थांबल्याने दहा पुस्तके चाळून मिळणार नाही ते हाती लागते.

वही मराठीत

पुस्तक इंग्रजीत असो वा आणखी कुठल्या भाषेत, टिपण स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या वाक्यांत लिहा. लेखकाची वाक्ये उतरवून काढली की समजल्याचा भास होतो. प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटा आणि पाच ओळींत सांगा, तो काय म्हणाला, कशाच्या आधारावर, आणि मला ते पटले का. पाच ओळी जमल्या नाहीत तर प्रकरण पुन्हा वाचा.

वहीच्या मागच्या बाजूला शब्दांची पाने ठेवा. आपले मराठी शब्द विचार करायला लावतात. "प्रायश्चित्त" घ्या. रोजच्या बोलण्यात प्रायश्चित्त म्हणजे चूक करणाऱ्याने स्वतः घ्यायची गोष्ट. पण १ योहान २:२ म्हणते की येशू ख्रिस्त तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. दिशाच उलटली. ज्याने चूक केली त्याने काही घेतले नाही. ज्याच्याविरुद्ध पाप झाले त्यानेच पुरवले. हा शब्द न उलगडता आपण उपदेश केला तर ऐकणारा रोजचाच अर्थ मनात धरतो आणि स्वतःच्या प्रयत्नांचे ओझे घेऊन घरी जातो.

त्या क्रूसाच्या खुणांचे काय करायचे? आठवड्यातून एकदा फक्त त्या खुणांवरून प्रार्थना करा. प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टीन याचे आत्मनिवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाला उद्देशून आहे. मध्ययुगातला विचारवंत अन्सेल्म याने देवाच्या अस्तित्वाचा आपला प्रसिद्ध युक्तिवादही प्रार्थनेच्या रूपातच मांडला. त्यांच्यासाठी विचार करणे ही गुडघ्यांवर होणारी गोष्ट होती. पौलही रोमकरांस पत्रात अकरा अध्याय युक्तिवाद करतो आणि मग एकाएकी देवाच्या ज्ञानाच्या अगाधतेपुढे स्तुती करू लागतो. त्यानंतरच बारावा अध्याय "म्हणून" असे म्हणत आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो. हा क्रम वाचनातही धरा.

मतभेद भेटतील तेव्हा

भेटतीलच. बाप्तिस्मा कुणाचा, प्रभुभोजनात नेमके काय घडते, देवाने केलेली निवड आणि मानवी इच्छा यांचा मेळ कसा, शेवटच्या काळाचा क्रम काय, या सगळ्यांवर देवावर प्रेम करणारी माणसे वेगवेगळे लिहितात. मी तीन वर्तुळे आखतो. आतल्यात विश्वासांगीकारातल्या गोष्टी: त्रैक्य, देहधारण, क्रूस, पुनरुत्थान. यावर लेखक डगमगला तर तो मला गुरू म्हणून नको. मधल्यात मंडळ्यांना वेगळे करणाऱ्या गोष्टी. त्यावर माझे ठाम मत आहे, पण दुसऱ्या बाजूचे चांगले पुस्तक वाचल्याशिवाय मी ते शिकवत नाही. बाहेरच्यात अनुमाने.

दुसऱ्याचे मत इतके नीट मांडता यावे की त्याने ऐकून म्हणावे, होय, मी हेच म्हणतो. तोवर खंडन करू नये. "नीतिमान ठरवणे" हीच बाब पाहा. देव पाप्याला नीतिमान जाहीर करतो की नीतिमान बनवतो, यावर सोळाव्या शतकात पश्चिमेतली मंडळी दुभंगली. लुथरन जागतिक संघटना आणि कॅथलिक मंडळी यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे याच विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. सगळे प्रश्न मिटले नाहीत, सगळ्यांचे समाधानही झाले नाही. पण अनेक वर्षे एकमेकांचे लेखन बारकाईने वाचल्याशिवाय तिथवर पोचता आले नसते.

सोबतीने वाचा

कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचत होता. समजते का, असे फिलिप्पाने विचारल्यावर तो म्हणाला, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजेल? तीन-चार जण पुरेत. प्रत्येकाने प्रकरण घरी वाचून यायचे, एकाने पाच ओळींचे टिपण वाचायचे, मग प्रश्नचिन्हांवर बोलायचे. निम्मा वेळ झाला की पुस्तक मिटून एकमेकांसाठी प्रार्थना. एक माणूस असा जरूर घ्या ज्याचे शिक्षण कमी आहे पण प्रार्थना खोल आहे. आमच्या गटात अशा एका आजींनी एकदा विचारले, "हे सगळं देवाबद्दल झालं, देवाशी कधी?" त्या दिवशी पुढची चर्चा झाली नाही. आम्ही गुडघे टेकले.

व्यासपीठ आणि खाटेची कड

वाचलेले त्याच रविवारी उपदेशात ओतू नका. मी किमान एक महिना जाऊ देतो. एवढ्यात ते स्वतःला लागू झाले की नाही ते कळते. उपदेशात लेखकांची नावे आणि परदेशी संज्ञा जितक्या कमी तितके बरे. लोकांना भाकर द्यायची असते, भट्टीची माहिती नव्हे. एका उपदेशात एकच सिद्धांत, एकाच शास्त्रभागातून.

ऑगस्टीनने शास्त्र समजण्याची एक कसोटी दिली आहे: ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, त्या अर्थाला शास्त्र समजणे म्हणता येत नाही. मी ती ईश्वरविज्ञानाच्या पुस्तकांनाही लावतो. पुस्तक संपले आणि घरातल्या माणसांशी माझे बोलणे अधिक तुसडे झाले असेल, तर तो इशारा आहे. ज्ञान फुगवते असे पौलाने करिंथकरांना उगाच लिहिले नाही.

शोकाच्या घरी मात्र आधी गप्प बसा. विचारले तरच बोला आणि एका वाक्याहून अधिक नको.

किती आणि केव्हा

एका वर्षाचा बेत असा धरता येईल. पहिले दोन महिने विश्वासांगीकार. पुढचे चार महिने प्रश्नोत्तरी, जोडीला रोमकरांस पत्र. मग दोन महिने अथनेशियस. उरलेले चार महिने तुमच्या पहिल्या पानावरच्या प्रश्नावरचे एक नवे पुस्तक. मोठा ग्रंथ दुसऱ्या वर्षी. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या ख्रिस्ती धर्मतत्त्वांवरच्या ग्रंथाची १५५९ ची शेवटची आवृत्ती ८० प्रकरणांची आहे. आठवड्याला दोन धरली तर चाळीस आठवड्यांत होते. १५३६ ची पहिली आवृत्ती मात्र अवघ्या सहा प्रकरणांची होती. लेखकालाही तेवीस वर्षे लागली, आपण घाई का करावी?

मध्येच कोरडे दिवस येतात. अक्षरे दिसतात, आत काही हलत नाही. त्या दिवसांत पुस्तक बाजूला ठेवून स्तोत्रे वाचा, पण ठरलेला अर्धा तास सोडू नका.

पुस्तक संपले की पहिल्या पानावरच्या प्रश्नाकडे परत या आणि त्याच्याखाली तारीख घालून आजचे उत्तर लिहा. मग समासातली प्रश्नचिन्हे एकेक करून पाहा. काही सुटलेली असतील, ती खोडा. उरलेल्यांपैकी जे सगळ्यात जास्त टोचते ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. माझ्या सध्याच्या वहीवर त्या बाईंनी न विचारलेला प्रश्न आहे, आणि त्याखाली आतापर्यंत चार तारखा पडल्या आहेत.